सुरी आणि तार : हृदयशल्यविशारदांसाठी ‘स्ट्रक्चरल हार्ट’ फेलोशिप

हृदयाची झडप बदलायची तर छातीचे हाड कापायचे, हृदय थांबवायचे आणि तेवढा वेळ रक्ताभिसरणाचे काम यंत्रावर सोपवायचे, हा क्रम १९६० पासून सुमारे चार दशके अबाधित होता. आज अमेरिकेत महाधमनीची झडप बदलून घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांच्या छातीला सुरी लागत नाही. जांघेतील धमनीतून तार सरकते, तारेवरून घडी केलेली झडप हृदयापर्यंत पोहोचते आणि धडधडत्या हृदयातच ती उघडते. रुग्ण अनेकदा दुसऱ्या दिवशी घरी जातो. या बदलाने रुग्णांची सोय झाली. हृदयशल्यविशारदांपुढे मात्र एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. ज्या झडपेवर आयुष्यभर हात बसवला, ती झडप आता सुरीऐवजी तारेने बदलली जात असेल, तर ती तार हाती धरायला आपण शिकायचे की नाही?

या प्रश्नाला वैद्यकीय शिक्षणाने दिलेले उत्तर म्हणजे शल्यविशारदांसाठीची ‘स्ट्रक्चरल हार्ट डिसीज’ या विषयातील प्रगत फेलोशिप. हृदयशस्त्रक्रियेचे पूर्ण प्रशिक्षण संपवलेल्या डॉक्टरांसाठी असलेला हा अभ्यासक्रम बहुधा एक वर्षाचा असतो. अमेरिका आणि कॅनडातील मोठ्या हृदयरोग केंद्रांत तो चालतो. त्याचे स्वरूप, त्यामागचा इतिहास, त्याच्या प्रमाणपत्राचे खरे मोल आणि भारतातून येऊ इच्छिणाऱ्या शल्यविशारदांसाठी त्यातील अडचणी यांचा हा आढावा.

‘स्ट्रक्चरल’ म्हणजे नेमके काय?

हृदयाचे आजार ढोबळमानाने तीन प्रकारचे मानले जातात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतील अडथळे हा पहिला, ठोक्यांच्या लयीतील बिघाड हा दुसरा आणि हृदयाच्या घडणीतील दोष हा तिसरा. ‘स्ट्रक्चरल हार्ट डिसीज’ या संज्ञेत तिसरा प्रकार येतो. घराच्या भाषेत सांगायचे तर पहिला बिघाड नळाचा, दुसरा विजेचा आणि तिसरा दारे-भिंतींचा.

चार झडपांचे अरुंद होणे किंवा गळणे, दोन कप्प्यांमधील पडद्याला असलेले छिद्र, डाव्या कर्णिकेच्या पिशवीसारख्या उपांगात साचणाऱ्या गुठळ्या, आधी बसवलेल्या कृत्रिम झडपेच्या कडेने होणारी गळती या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. त्यांतील सर्वांत परिचित आजार म्हणजे उतारवयात महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचून तिचे दार पुरेसे न उघडणे, अर्थात ‘एऑर्टिक स्टेनोसिस’. चालताना धाप, छातीत दुखणे किंवा भोवळ ही लक्षणे सुरू झाल्यावर झडप न बदलल्यास बहुतेक रुग्णांचे आयुष्य काही वर्षांपुरतेच उरते. औषधांनी ही झडप पुन्हा उघडत नाही.

शल्यविशारदांच्या कल्पना, हृदयरोगतज्ज्ञांची तार

या क्षेत्राचा इतिहास शल्यविशारदांना थोडा अस्वस्थ करणारा आहे, कारण त्यातील काही मूळ कल्पना त्यांच्याच घरच्या आहेत. जपानमधील कांजी इनोऊए हे हृदयशल्यविशारद. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली द्विदल झडप फुग्याच्या साहाय्याने उघडण्याची पद्धत त्यांनी १९८२ मध्ये प्रथम वापरली. पुढे भारतासारख्या देशांत, जिथे हा ताप तरुण वयातच झडपा निकामी करतो, तिथे ‘इनोऊए बलून’ने असंख्य रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया टाळली किंवा लांबवली. मात्र हे तंत्र रोजच्या वापरात आणले ते प्रामुख्याने हृदयरोगतज्ज्ञांनी.

दुसरे उदाहरण इटलीतील शल्यविशारद ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांचे. गळणाऱ्या द्विदल झडपेची दोन पाने मध्यभागी एका टाक्याने जोडली तर दोन छोटी दारे तयार होतात आणि गळती थांबते, ही साधी युक्ती त्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी वापरात आणली. तोच टाका चिमट्याच्या रूपात, पायातील शिरेतून पोहोचवणारे उपकरण म्हणजे ‘मायट्राक्लिप’. अमेरिकेत ‘एफडीए’ने त्याला २०१३ मध्ये मान्यता दिली आणि २०१९ मध्ये हृदय प्रसरण पावल्यामुळे होणाऱ्या गळतीसाठीही त्याचा वापर मान्य झाला.

महाधमनीच्या झडपेची कथा डेन्मार्कमध्ये सुरू होते. हेनिंग रुड अँडरसन यांनी १९८९ मध्ये धातूच्या जाळीत शिवलेली झडप कॅथेटरमधून डुकराच्या हृदयात बसवून दाखवली. २००० मध्ये फिलिप बॉनहोफर यांनी एका बारा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसधमनीच्या मार्गात अशी झडप बसवली. त्यानंतर १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे ॲलाँ क्रिबिए यांनी शस्त्रक्रियेसाठी नाकारल्या गेलेल्या ५७ वर्षांच्या, मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णाच्या महाधमनीच्या जागी कॅथेटरने झडप बसवली. तो रुग्ण पुढे सुमारे चार महिने जगला आणि अन्य गुंतागुंतीने गेला. पण झडप काम करते हे सिद्ध झाले होते. ‘टावी’ किंवा अमेरिकेत ‘टावर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचाराचा हा जन्म.

पुढची दिशा ‘पार्टनर’ या चाचण्यांनी ठरवली. शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या रुग्णांविषयीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के रुग्ण वर्षभरात दगावले, तर कॅथेटरने झडप बसवलेल्यांमध्ये हे प्रमाण ३०.७ टक्के होते. ‘एफडीए’ने २०११ मध्ये शस्त्रक्रिया अशक्य असलेल्यांसाठी, २०१२ मध्ये अधिक जोखमीच्या, २०१६ मध्ये मध्यम जोखमीच्या आणि २०१९ मध्ये कमी जोखमीच्या रुग्णांसाठीही मान्यता दिली. त्याच २०१९ मध्ये अमेरिकेत कॅथेटरने बसवलेल्या महाधमनी झडपांची संख्या ७२,९९१ झाली आणि तिने सर्व प्रकारच्या खुल्या शस्त्रक्रियांना, म्हणजे ५७,६२६ या संख्येला, प्रथमच मागे टाकले. २०२५ च्या मे महिन्यात तीव्र आजार असूनही लक्षणे नसलेल्या रुग्णांसाठीही एका झडपेला मान्यता मिळाली.

एका जुन्या धड्याची आठवण

शल्यविशारदांनी तार हाती घेण्याचा आग्रह धरला त्यामागे एक जुनी जखम आहे. १९७७ मध्ये झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली, तेव्हा बहुतेक हृदयशल्यविशारदांनी ती शिकण्याची आवश्यकता मानली नाही. बायपासची मागणी इतकी होती की त्याची गरजही भासली नाही. पुढच्या पिढीने पाहिले ते असे की, रुग्ण आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, तपासणी तिथेच होते आणि उपचारही त्याच टेबलावर उरकतो. शल्यविशारदाकडे रुग्ण पोहोचेपर्यंत निर्णय झालेला असतो.

रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांनी वेगळा मार्ग निवडला. १९९० मध्ये अर्जेंटिनात हुआन पारोदी यांनी पोटातील फुगलेल्या महाधमनीत आतून कृत्रिम नळी बसवल्यानंतर या शाखेने कॅथेटरची विद्या आपल्या नियमित अभ्यासक्रमात आणली. आज त्या शाखेचा तज्ज्ञ खुली शस्त्रक्रिया आणि आतून केलेला उपचार, दोन्ही करतो. त्यामुळे कोणत्या रुग्णाला काय द्यावे हे ठरवताना त्याला दोन्ही पर्यायांचा अनुभव असतो. झडपांच्या बाबतीत आपण पहिल्या मार्गाने जायचे की दुसऱ्या, हा प्रश्न ‘टावर’च्या उदयाबरोबर हृदयशल्यविशारदांसमोर आला. ही फेलोशिप म्हणजे दुसरा मार्ग निवडल्याची खूण.

नियमाने दिलेली जागा : ‘हार्ट टीम’

अमेरिकेत शल्यविशारदाला या टेबलावर केवळ परंपरेने जागा मिळालेली नाही. ६५ वर्षांवरील नागरिकांचा आरोग्यविमा असलेल्या ‘मेडिकेअर’ने २०१२ मध्ये ‘टावर’चा खर्च देण्यासाठी अटी घातल्या आणि २०१९ मध्ये त्या सुधारल्या. त्यांनुसार रुग्णाला हृदयशल्यविशारद आणि हस्तक्षेपी हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनी तपासून आपले मत नोंदवले पाहिजे आणि प्रत्यक्ष उपचाराच्या तांत्रिक भागात दोघांनी मिळून सहभाग घेतला पाहिजे. प्रत्येक उपचाराची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणेही बंधनकारक आहे. अशी नोंदवही २०११ च्या अखेरीस सुरू झाली.

नव्याने हा उपचार सुरू करणाऱ्या रुग्णालयासाठी २०१९ च्या नियमांत अनुभवाच्या अटीही आहेत. शल्यविशारदाने कारकिर्दीत किमान १०० खुल्या हृदयशस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात आणि त्यांतील किमान २५ महाधमनीच्या झडपेशी संबंधित असाव्यात. हृदयरोगतज्ज्ञाच्या नावावर ‘स्ट्रक्चरल’ स्वरूपाचे किमान १०० उपचार असावेत, किंवा डाव्या बाजूच्या अशा उपचारांची वार्षिक संख्या किमान ३० असावी. या दोन अटी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. शल्यविशारदाकडून सुरीच्या अनुभवाची अपेक्षा आहे. तारेच्या अनुभवाची मोजदाद केवळ हृदयरोगतज्ज्ञाची होते. म्हणजे नियमाने शल्यविशारदाला टेबलाशी उभे केले, पण तिथे त्याच्या हातांनी काय करावे हे ठरवले नाही. काही केंद्रांत तो बरोबरीने झडप सोडतो, काही केंद्रांत संकट येण्याची वाट पाहत बाजूला उभा असतो. या दोन अवस्थांतील अंतर भरून काढणे हे फेलोशिपचे प्रयोजन आहे.

वर्षभरात काय शिकवले जाते?

प्रवेशासाठी हृदय व वक्षशस्त्रक्रियेचे प्रशिक्षण पूर्ण झालेले असावे लागते. अमेरिकेत त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत : जनरल सर्जरीची पाच वर्षे आणि नंतर दोन-तीन वर्षांचे विशेष प्रशिक्षण, किंवा वैद्यकीय पदवीनंतर थेट सहा वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम. म्हणजे फेलोशिपला येणारा उमेदवार बहुधा तिशीच्या मध्यावर असतो आणि खुली शस्त्रक्रिया त्याला येत असते. त्याला नव्याने शिकायच्या असतात त्या प्रामुख्याने पाच गोष्टी.

पहिली, चित्र वाचणे. खुल्या शस्त्रक्रियेत झडपेचे माप डोळ्यांसमोर, हातातील मापकाने घेता येते. इथे ते आधीच सीटी स्कॅनवर घ्यावे लागते. झडपेच्या कड्याचा घेर आणि क्षेत्रफळ, कॅल्शियमची जागा, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची मुखे कड्यापासून किती उंचीवर आहेत, हे सारे मिलिमीटरमध्ये मोजले जाते. मुखे १२ मिलिमीटरपेक्षा खाली असली तर जुन्या झडपेची पाने त्यांवर दाबली जाऊन रक्तपुरवठा बंद पडण्याचा धोका वाढतो. झडप लहान निवडली तर कडेने गळते किंवा निसटते, मोठी निवडली तर कडे फाटू शकते. फेलो आठवड्यात असे कित्येक स्कॅन स्वतः मोजतो आणि आपले माप वरिष्ठांच्या मापाशी ताडून पाहतो.

दुसरी, वाट शोधणे. सध्याच्या एका प्रचलित झडपेसाठी जांघेतील धमनीचा व्यास किमान ५.५ मिलिमीटर असावा लागतो. सर्वांत मोठ्या आकारासाठी ६ मिलिमीटर. ज्यांच्या धमन्या अरुंद किंवा कॅल्शियमने भरलेल्या असतात त्यांच्यासाठी गळ्यातील किंवा काखेजवळील धमनीतून वाट काढावी लागते. पोटातील मोठ्या शिरेतून शेजारच्या महाधमनीत शिरण्याची पद्धतही आहे. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात २०१३ मध्ये ती प्रथम मानवावर वापरली गेली. धमनी उघडून पुन्हा शिवायची असते तेव्हा शल्यविशारदाचे जुने कौशल्य नव्या कामात उपयोगी पडते.

तिसरी, तारेची जाण. सुरी धरणाऱ्या हाताला ऊतींचा स्पर्श कळतो. तारेचे टोक शरीरात तीन-चार फूट आत असते आणि डोळे क्ष-किरणांच्या सपाट पडद्यावर असतात. ताठ तार डाव्या जवनिकेत थोडी जास्त गेली तरी भिंतीला भोक पडू शकते. कर्णिकांमधील पडदा नेमक्या उंचीवर भेदणे हे द्विदल झडपेवरील बहुतेक उपचारांचे पहिले पाऊल असते आणि ते मुख्यतः अन्ननलिकेतून केलेल्या इकोकार्डिओग्राफीच्या आधारे टाकावे लागते. ही जाण पुस्तकातून येत नाही. त्यासाठी संख्या लागते.

चौथी, उपकरणांचा विस्तार. महाधमनीच्या झडपेखेरीज द्विदल झडपेवरील चिमटा, डाव्या कर्णिकेचे उपांग बंद करणारे उपकरण, आधीच्या कृत्रिम झडपेत बसवलेली नवी झडप हे सर्व शिकावे लागते. ‘विसरलेली झडप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिदल झडपेसाठी अमेरिकेत २०२४ मध्ये दोन उपकरणांना मान्यता मिळाली. त्यांचाही समावेश आता अभ्यासक्रमात होत आहे.

पाचवी, संकटाशी सामना. कडे फाटणे, झडप निसटणे, धमनीचे मुख बंद होणे, हृदयाभोवती रक्त साचणे या घटना आता विरळ आहेत. तातडीने छाती उघडावी लागण्याचे प्रमाण शंभरात साधारण एक किंवा त्याहून कमी आहे. पण ज्या रुग्णावर ती वेळ येते त्याच्याकडे मोजकी मिनिटे असतात. कधी तारेनेच संकट निस्तरता येईल आणि कधी क्षणही न दवडता छाती उघडावी लागेल, हा निर्णय दोन्ही जाणणाऱ्याला अधिक लवकर घेता येतो.

सुरीचे कामही बदलले आहे

फेलोशिपची उपयुक्तता केवळ तारेपुरती नाही. कॅथेटरच्या प्रसारामुळे खुल्या शस्त्रक्रियेसमोरच नवे प्रश्न आले आहेत. ऊतींपासून बनवलेली झडप साधारणतः दहा ते पंधरा वर्षांनी झिजते. ऐंशीव्या वर्षी बसवलेल्या झडपेबाबत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पासष्टाव्या वर्षी बसवलेल्या झडपेबाबत उद्भवतो. म्हणून आज चर्चा एका झडपेची नसून आयुष्यभराच्या क्रमाची असते : आधी शस्त्रक्रिया आणि नंतर तिच्यात कॅथेटरची झडप, की उलट?

क्रम उलटा असेल आणि कॅथेटरने बसवलेली झडप काढण्याची वेळ आली, तर शस्त्रक्रिया अवघड होते. धातूची जाळी महाधमनीच्या भिंतीशी एकजीव झालेली असते आणि रुग्ण तोवर अधिक वृद्ध झालेला असतो. पहिल्यांदाच झडप बदलण्याच्या तुलनेत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आहे. ती जाळी कशी बसवली जाते हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याला ती सोडवण्याचेही अधिक कळते.

याउलट, पहिली शस्त्रक्रिया करतानाच पुढच्या कॅथेटर-झडपेसाठी जागा करून ठेवण्याकडे आता कल आहे. महाधमनीचे मूळ रुंद करून मोठ्या मापाची झडप बसवण्याची ‘वाय’ आकाराच्या छेदाची पद्धत मिशिगन विद्यापीठातील शल्यविशारद बो यांग यांनी २०२० मध्ये सुरू केली आणि ती अल्पावधीत अनेक केंद्रांनी स्वीकारली. वीस वर्षांनंतर येणाऱ्या तारेचा विचार करून आज टाके घालणे, हे या नव्या प्रशिक्षणाचे सार म्हणता येईल.

मार्गदर्शक तत्त्वांतही हा विचार उमटला आहे. अमेरिकेतील २०२० च्या तत्त्वांनुसार ६५ वर्षांखालील रुग्णांसाठी शस्त्रक्रियेला, ८० वर्षांवरील रुग्णांसाठी कॅथेटरला प्राधान्य आहे आणि मधल्या वयोगटात रुग्णाशी चर्चा करून निर्णय घ्यावा, असे म्हटले आहे. युरोपने २०२५ मध्ये कॅथेटरसाठीची वयोमर्यादा ७५ वरून ७० वर आणली. वयाचा आकडा हा केवळ आरंभ. झडपेला दोनच पाने असणे, महाधमनी फुगलेली असणे, धमन्यांतही अडथळे असणे अशा अनेक कारणांनी कल बदलतो.

प्रमाणपत्राचे मोल

फेलोशिपचा विचार करणाऱ्याने एक बाब सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. अमेरिकेत जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र उपशाखा म्हणून अधिकृत मान्यता आणि बोर्डाचे प्रमाणपत्र आहे. प्रौढांच्या ‘स्ट्रक्चरल हार्ट’ फेलोशिपची वाढ मात्र या चौकटीबाहेर झाली. ती रुग्णालयाची किंवा विद्यापीठाची फेलोशिप असते. अभ्यासक्रम, उपचारांची संख्या आणि मूल्यमापन हे ज्या त्या केंद्रावर अवलंबून असते. त्यामुळे दोन केंद्रांतील एकाच नावाच्या फेलोशिपमध्ये मोठी तफावत असू शकते.

नाव मोठे असले म्हणजे हाताला काम मिळेलच असे नाही. मोठ्या केंद्रांत हृदयरोगशास्त्राचे ‘स्ट्रक्चरल’ फेलोही त्याच टेबलाशी असतात आणि उपचारांची वाटणी दोघांत होते. म्हणून मुलाखतीच्या वेळी उमेदवाराने केंद्राच्या वार्षिक संख्येपेक्षा आधीच्या फेलोच्या नोंदवहीची चौकशी करावी, असा सल्ला जाणकार देतात. त्याने किती उपचारांत मुख्य हात चालवला, पडदा किती वेळा स्वतः भेदला, सीटीचे नियोजन कोण करते आणि फेलोशिपनंतर त्याला कुठे नेमणूक मिळाली, या चार प्रश्नांची उत्तरे पुरेशी बोलकी असतात.

टीकाही आहे. कमी जोखमीचे रुग्ण कॅथेटरकडे वळल्याने शिकाऊ शल्यविशारदांच्या वाट्याला येणाऱ्या साध्या झडप-शस्त्रक्रिया घटल्या आहेत. हात बसण्याआधीच अवघड रुग्ण समोर येतात. अशा काळात एक वर्ष तारेला द्यावे की खुल्या शस्त्रक्रियेचा पाया पक्का करावा, असा प्रश्न काही ज्येष्ठ शल्यविशारद विचारतात. तारेचे प्राथमिक शिक्षण स्वतंत्र वर्षासाठी न ठेवता मूळ अभ्यासक्रमातच असावे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे आणि अभ्यासक्रम हळूहळू त्या दिशेने सरकतही आहेत.

भारतातून येणाऱ्यांसाठी

मुंबई, पुणे किंवा नागपूर येथे जनरल सर्जरीनंतर तीन वर्षांचा एम.सीएच. किंवा समकक्ष ‘डी.आर.एन.बी.’ अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुण शल्यविशारदांना ही फेलोशिप आकर्षक वाटते. त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्यात.

एक, निरीक्षक आणि फेलो यांत फरक आहे. निरीक्षकाला किंवा केवळ संशोधन-फेलोला रुग्णाला हात लावता येत नाही. प्रत्यक्ष उपचारांत सहभागी व्हायचे तर परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे ‘ईसीएफएमजी’ प्रमाणपत्र, त्यासाठीच्या ‘यूएसएमएलई’ परीक्षा आणि संबंधित राज्याचा प्रशिक्षणार्थी परवाना लागतो. ‘एच-१बी’ व्हिसावर यायचे असल्यास या परीक्षांचा तिसरा टप्पाही उत्तीर्ण व्हावा लागतो.

दोन, व्हिसा. वैद्यकीय प्रशिक्षणासाठीच्या ‘जे-१’ व्हिसावर आलेल्या डॉक्टरला प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. तिच्यातून सूट मिळवण्याचे मार्ग मर्यादित आहेत. शिवाय अधिकृत मान्यता नसलेल्या प्रत्येक फेलोशिपसाठी हा व्हिसा मिळतोच असे नाही. रुग्णालयाकडून ही बाब लेखी निश्चित करून घेणे श्रेयस्कर.

तीन, पुढचा मार्ग. एका वर्षाच्या फेलोशिपने अमेरिकेच्या वक्षशस्त्रक्रिया मंडळाची परीक्षा देण्याची पात्रता मिळत नाही. त्यासाठी सामान्यतः मान्यताप्राप्त मूळ प्रशिक्षणच पूर्ण करावे लागते. फेलोशिप हा अमेरिकेत स्थायिक होण्याचा जवळचा रस्ता समजून आलेल्यांची इथे निराशा होते. परतून भारतात काम उभे करण्याच्या हेतूने येणाऱ्याला मात्र तिचा पुरेपूर लाभ होऊ शकतो.

त्या कामाला भारतात वावही आहे. गुजरातमधील वापी येथील मेरिल कंपनीच्या ‘मायव्हाल’ या स्वदेशी कॅथेटर-झडपेला २०१८ मध्ये भारतात मान्यता मिळाली. प्रचलित दोन परदेशी बनावटींशी तिची तुलना करणाऱ्या ‘लँडमार्क’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पहिल्या ३० दिवसांत ती कमी पडत नसल्याचे दिसले. तरीही झडपेची किंमत हा भारतात मोठा अडसर आहे. तिथे संधिवाताच्या तापाने बाधित तरुण रुग्णही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी अनेकदा फुगा किंवा खुली शस्त्रक्रिया हाच योग्य उपचार असतो. अमेरिकेत शिकलेले तंत्र जसेच्या तसे नेण्यापेक्षा कुणाला ते नको, हे ओळखण्याची दृष्टी नेणे तिथे अधिक मोलाचे ठरते.

रुग्णाच्या कुटुंबाने काय विचारावे?

परदेशस्थ मराठी कुटुंबांत हा विषय बहुधा आई-वडिलांच्या निमित्ताने येतो. कधी इथे भेटीला आल्यावर, कधी भारतातून आलेल्या अहवालाच्या रूपाने. अशा वेळी उपचार करणारा शल्यविशारद आहे की हृदयरोगतज्ज्ञ, यापेक्षा दोघांनी मिळून रुग्णाला पाहिले आहे का, हे महत्त्वाचे. सीटी स्कॅन दोघांनी तपासला का? या रुग्णासाठी दुसरा पर्याय का नाकारला? ही झडप झिजली तर पुढचे पाऊल कोणते आणि त्यासाठी आज काय काळजी घेतली आहे? आणि टेबलावर अडचण आली तर छाती उघडणारा शल्यविशारद त्या खोलीत असेल की इमारतीत?

या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे मिळत असतील तर तिथली ‘हार्ट टीम’ केवळ कागदावर नाही, असे समजावे. मग ती झडप सुरीने बदलली गेली काय किंवा तारेने, निवड रुग्णाच्या शरीराकडे आणि त्याच्या पुढच्या वर्षांकडे पाहून झालेली असते.